हातांचे शिक्षण : कनिष्ठ डॉक्टरांसाठी मूलभूत शस्त्रक्रिया-कौशल्यांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण (पारगाव परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

वैद्यकीय पदवी प्राप्त झालेल्या तरुण डॉक्टरास शस्त्रक्रियेचे ज्ञान असते. परंतु जखम धुणे, बधिरता देणे, टाका घालणे, गाठ बांधणे यांसारख्या मूलभूत क्रिया त्याच्या हाताला अवगत असतीलच असे नाही. ही कौशल्ये रुग्णावर शिकावीत की रुग्णापर्यंत जाण्यापूर्वी शिकावीत, हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राचा नसून नीतीचाही आहे. प्रस्तुत लेखात या प्रशिक्षणाची परंपरा, त्याचे घटक, अध्यापनाची व मूल्यमापनाची पद्धती आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या, विशेषतः पारगाव परिसराच्या, संदर्भात केला आहे.

बीजसंज्ञा : मूलभूत शस्त्रक्रिया-कौशल्ये, आंतरवासिता, प्रतिकृतीवरील सराव, ग्रामीण आरोग्यसेवा, कौशल्य-मूल्यमापन.

प्रस्तावना

कोणत्याही विद्याशाखेत 'माहीत असणे' आणि 'करता येणे' यांत अंतर असते. संगीताचा इतिहास जाणणारा प्रत्येक जण गातोच असे नाही, आणि रसायनशास्त्राच्या सिद्धांतात प्रथम श्रेणी मिळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून प्रयोगशाळेत अनुमापनाचा अंतिम बिंदू निसटू शकतो. बहुतेक विद्याशाखांत या अंतराची किंमत विद्यार्थी स्वतः मोजतो. त्याचे गुण कमी होतात इतकेच. शस्त्रक्रियेत मात्र ती किंमत रुग्ण मोजतो. म्हणूनच हाताच्या शिक्षणाचा प्रश्न वैद्यकात इतरत्र नसेल एवढा गंभीर ठरतो.

भारतात वैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता असते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमावलीनुसार आंतरवासितेच्या ५२ आठवड्यांपैकी सामान्य शस्त्रक्रियाशास्त्राच्या वाट्याला ६ आठवडे येतात. मोठ्या शासकीय रुग्णालयात या ६ आठवड्यांत प्रत्यक्ष टाके घालण्याची संधी किती मिळेल, हे त्या दिवशीची गर्दी, वरिष्ठ निवासी डॉक्टरांची सवड आणि बरोबरच्या आंतरवासी डॉक्टरांची संख्या यांवर अवलंबून राहते. कोणाला ती पुरेशी मिळते. कोणाचा वेळ रक्ताचे नमुने पोहोचविण्यात व कागदपत्रे भरण्यात जातो. पुढे महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या पदवीधरास एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. ती ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वा ग्रामीण रुग्णालयात होते, तेथे रात्री जखमी रुग्ण आल्यास शेजारी वरिष्ठ उभा असण्याची शाश्वती नसते. ज्या हाताने पूर्वी दोन-चारच टाके घातले, त्याच हाताने त्या क्षणी निर्णयही घ्यावयाचा असतो.

या लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) मूलभूत शस्त्रक्रिया-कौशल्ये म्हणजे नेमके काय, हे वैद्यकेतर प्राध्यापकांनाही समजेल अशा रीतीने मांडणे, (२) ती शिकविण्याच्या सिद्ध पद्धतींचा परिचय करून देणे, (३) ग्रामीण परिसरात असे प्रशिक्षण अल्प खर्चात कसे उभे राहू शकेल याचा विचार करणे.

परंपरेचा मागोवा

रुग्णाला हात लावण्यापूर्वी निर्जीव वस्तूवर सराव करावा, हा विचार आधुनिक प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' या नावाने ओळखला जातो. 'योग्या' म्हणजे सराव. सर्व शास्त्र शिकलेल्या शिष्याकडूनही योग्या करवून घ्यावी, कारण ती न केलेला बहुश्रुत शिष्यही कर्मात अयोग्यच राहतो, अशी त्या अध्यायाची भूमिका आहे. प्रत्येक क्रियेसाठी तेथे वेगळी वस्तू योजलेली आहे. छेदनासाठी कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी अशी फळे; भेदनासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्या; लेखनासाठी केसाळ कातडे; शिरावेधासाठी मृत जनावरांच्या शिरा व कमळाचे देठ; शोध घेण्यासाठी किडीने पोखरलेले लाकूड व वेळू; ओढून काढण्याच्या क्रियेसाठी फणस, तोंडले व बेल यांचा गर; सीवनासाठी जाड वस्त्राच्या व मऊ चामड्याच्या कडा; आणि पट्टबंधनासाठी कापडाचा पुतळा. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की वस्तूंची निवड यदृच्छेने झालेली नाही. ज्या क्रियेत हाताला जो अवरोध जाणवावयास हवा, तोच अवरोध देणारी वस्तू शोधलेली आहे. आजच्या कौशल्य-प्रयोगशाळेचे तत्त्वही याहून वेगळे नाही.

दुसरा दाखला पुण्याचाच आहे. १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रज सैन्याबरोबर बैलगाडी हाकणारा 'कावसजी' नावाने नोंदला गेलेला एक मराठी मनुष्य टिपूच्या कैदेत सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ एका कुंभार-वीटकर जातीच्या वैद्याने कपाळाच्या त्वचेचा पडदा वळवून त्याचे नाक पुन्हा उभे केले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या नियतकालिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. त्या वर्णनातील एक बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वैद्याने प्रथम मेणाचे नाक घडविले, ते सपाट करून कपाळावर ठेवले, त्याभोवती रेघ आखली, आणि मगच शस्त्र चालविले. म्हणजे चूक होऊ द्यावयाची तर ती मेणात, माणसात नव्हे.

आधुनिक पाश्चात्त्य परंपरेत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हालस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निवासी प्रशिक्षणाची चौकट घातली. वरिष्ठाजवळ वर्षानुवर्षे राहून, क्रमाने जबाबदारी वाढवीत शिकावे, असे तिचे स्वरूप होते. 'एक पाहा, एक करा, एक शिकवा' हे प्रचलित वचन याच परंपरेशी जोडले जाते. ही पद्धत दीर्घ कालावधी आणि विपुल रुग्णसंख्या यांवर उभी होती. पुढे निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आल्या. अमेरिकेत २००३ मध्ये आठवड्याला ८० तास, तर युरोपीय नियमांनुसार ब्रिटनमध्ये २००९ पर्यंत ४८ तास अशी मर्यादा ठरली. शिकण्याचा काळ आक्रसला आणि रुग्णाच्या हक्कांची जाणीव वाढली. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने १९९० च्या दशकात मूलभूत शस्त्रक्रिया-कौशल्यांचा छोटा, प्रात्यक्षिकप्रधान अभ्यासक्रम सुरू केला तो या वातावरणात. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात वैद्यकीय महाविद्यालयांतून कौशल्य-प्रयोगशाळा अपेक्षित धरली गेली. दिशा योग्य आहे. प्रश्न उरतो तो ती प्रयोगशाळा किती तास उघडी राहते याचा.

पारगाव परिसर आणि गरजेचे स्वरूप

पारगाव या नावाची गावे जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आहेत. आंबेगावातील पारगाव येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा आहे. घोड व कुकडी नद्यांच्या खोऱ्यांतील हा बागायती पट्टा उसाने व भाजीपाल्याने भरलेला असून पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव व आळेफाटा या गावांवरून जातो. मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथून पुणे सुमारे ६० किलोमीटर आहे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध झाल्याने रुग्ण हलविणे पूर्वीपेक्षा सुकर झाले. तथापि जखमेवर पहिला हात बहुधा जवळच्या डॉक्टराचाच पडतो, आणि पुढचे बरेचसे त्या पहिल्या हातावर ठरते.

या परिसरातील जखमांचे स्वरूप येथील जीवनपद्धतीतून येते. त्यांपैकी दोन उदाहरणे विस्ताराने पाहू.

पहिले उदाहरण कोयत्याच्या जखमेचे. गळीत हंगामात बाहेरगावांहून आलेली ऊसतोड कामगारांची कुटुंबे फडात राबत असतात. उजव्या हातात कोयता आणि डाव्या मुठीत उसाचे कांडे असते. घाव चुकला की तो डाव्या हाताच्या बोटांवर वा तळव्यावर बसतो. वरून पाहता जखम दोन-अडीच सेंटिमीटरची, कडा स्वच्छ. चार टाके घातले की काम झाले असे वाटावे. परंतु बोट वाकविणाऱ्या कंडरा प्रत्येक बोटास दोन असतात. एक मधला सांधा वाकविते, दुसरी टोकाचा. एक तुटली तरी दुसरीच्या बळावर बोट वाकते आणि पाहणाऱ्याची फसगत होते. म्हणून मधले पेर धरून केवळ टोक वाकविण्यास सांगणे, नंतर इतर बोटे सरळ धरून ते एकच बोट वाकविण्यास सांगणे, आणि बोटाच्या दोन्ही कडांवरील स्पर्शज्ञान तपासणे, या तीन कृती आवश्यक ठरतात. त्यांपैकी स्पर्शज्ञानाची तपासणी बधिरतेचे औषध टोचण्यापूर्वीच झाली पाहिजे; औषध दिल्यावर मज्जातंतू तुटला आहे की केवळ बधिर झाला आहे, हे सांगता येत नाही.

ही तपासणी एका मिनिटाची आहे. ती केली आणि कंडरा तुटल्याचे कळले, तर जखम धुऊन, झाकून, हाताला आधाराची पट्टी बांधून रुग्णास पुढे पाठविता येते आणि पहिल्या काही दिवसांत कंडरा जोडली जाते. ती केली नाही, तर त्वचा सुंदर भरून येते व बोट कायमचे ताठ राहते. ज्याची रोजी मुठीवर अवलंबून आहे त्याच्या दृष्टीने हा फरक सगळ्या संसाराचा आहे. आणि हंगाम संपताच तो आपल्या गावी परत गेल्याने चूक करणाऱ्या डॉक्टरास ती कधी कळतही नाही. न कळलेल्या चुकीतून कोणी शिकत नाही. अनुभवाने सारे येते, या समजुतीचा हा सर्वांत मोठा दोष आहे.

दुसरे उदाहरण बिबट्याच्या वा कुत्र्याच्या चाव्याचे. जुन्नर वनविभागातील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर दीर्घकाळापासून आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्या निवारण केंद्र आहे. हल्ल्यात फाटलेली जखम पाहिली की ती त्वरित शिवून टाकावी, अशी नातेवाइकांची अपेक्षा असते आणि नवख्या डॉक्टराचा हातही तिकडेच वळतो. वास्तविक येथे न शिवणे हेच कौशल्य आहे. सस्तन प्राण्याच्या चाव्यात त्वचा भेदली गेली असल्यास साबण व वाहत्या पाण्याने सुमारे १५ मिनिटे जखम धुणे, जखमेत व भोवती रेबीज प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिन टोचणे आणि लसीकरण सुरू करणे हा क्रम आहे. टाके शक्य तो टाळावेत; रक्तस्राव वा अवयवाचे स्वरूप यांमुळे ते अपरिहार्य असतील तर इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर आणि सैलसर, मोजकेच घालावेत. मानेवर घाव असेल तर श्वासमार्ग व रक्तस्राव यांकडे आधी पाहावे लागते हे ओघानेच आले.

या दोन उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. मूलभूत शस्त्रक्रिया-कौशल्य म्हणजे केवळ बोटांची चपळाई नव्हे. केव्हा शिवावे, केव्हा उघडे ठेवावे आणि केव्हा पुढे पाठवावे, हा विवेक त्यात अंतर्भूत आहे.

कौशल्यांचे घटक

या प्रशिक्षणाचा पाया पुढील घटकांनी बनतो.

(अ) निर्जंतुकता : हात धुण्याची पद्धत, हातमोजे चढविण्याची रीत, निर्जंतुक कापड पसरणे आणि कोणत्या पृष्ठभागास स्पर्श करावयाचा नाही याचे सतत भान. हे भान सांगून येत नाही. चूक होताक्षणी कोणीतरी थांबवावे लागते.

(आ) बधिरता : लिग्नोकेनची मात्रा वजनावर ठरते. ॲड्रेनलिनविरहित औषधासाठी सावध हिशेब प्रतिकिलो ३ मिलिग्रॅम असा धरतात. २ टक्के द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. म्हणून ६० किलो वजनाच्या माणसास १८० मिलिग्रॅम, म्हणजे ९ मिलिलिटर, ही मर्यादा झाली. हा गुणाकार सोपा आहे. तो रात्री दोन वाजता, विव्हळणाऱ्या मुलासमोर आपसूक जमला पाहिजे.

(इ) जखमेची शुद्धी : भरपूर सलाइनने वा पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याने धुणे, माती व मृत पेशी काढणे. चिखल-शेणाने माखलेली किंवा उशिरा आलेली जखम त्याच दिवशी न शिवता, स्वच्छ राहिल्यास तीन ते पाच दिवसांनी शिवणे अनेकदा हितावह असते. धनुर्वाताच्या लसीची विचारपूस याच टप्प्यावर होते.

(ई) रक्तस्राव थांबविणे : प्रथम दाब आणि उंचावणे. रक्ताने भरलेल्या जखमेत डोळे मिटल्यागत आर्टरी फोर्सेप्स लावणे धोक्याचे असते, कारण रक्तवाहिनीच्या शेजारीच मज्जातंतू असतो.

(उ) टाका व गाठ : वक्र सुई टोकापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर धरावी, त्वचेत काटकोनात शिरवावी आणि मनगट फिरवून तिच्याच वक्रतेने बाहेर आणावी. दोन्ही बाजूंना खोली व अंतर समान असावे. गाठीचे दोन फेरे परस्परविरुद्ध दिशांनी पडले तर ती चौरस बसते व टिकते. एकाच दिशेने पडले तर सरकते. गाठ कडा जुळविण्यापुरती असावी, आवळण्यासाठी नव्हे. कारण सूज नंतर येते आणि आवळलेला टाका त्वचेचा रक्तपुरवठा तोडतो.

(ऊ) सुरक्षितता व संवाद : धारदार वस्तू हातोहात न देता किडनी ट्रेमधून देणे, वापरलेली सुई त्वरित योग्य डब्यात टाकणे, रुग्णास आपण काय करणार आहोत हे त्याच्या भाषेत सांगून संमती घेणे, आणि टाके कधी काढावयाचे, कोणती लक्षणे दिसल्यास परत यावयाचे हे लिहून देणे.

अध्यापनाची पद्धती

हाताचे कौशल्य व्याख्यानाने शिकविता येत नाही, आणि नुसते दाखविल्यानेही ते येत नाही. रॉडनी पेटन यांनी १९९८ मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत या क्षेत्रात प्रचलित आहे. पहिल्या पायरीवर शिक्षक ती क्रिया न बोलता, नेहमीच्या गतीने करून दाखवितो. दुसऱ्या पायरीवर तीच क्रिया तो सावकाश, प्रत्येक टप्प्याचे कारण सांगत करतो. तिसऱ्या पायरीवर विद्यार्थी टप्पे सांगतो व शिक्षक त्याप्रमाणे करतो. चौथ्या पायरीवर विद्यार्थी स्वतः बोलत क्रिया करतो. यांतील तिसरी पायरी वरकरणी अनावश्यक वाटते. परंतु विद्यार्थ्याच्या मनातील क्रम कोठे तुटलेला आहे हे शिक्षकास तेथेच कळते, आणि तेही विद्यार्थ्याच्या हाती सुई येण्यापूर्वी.

सरावाची वाटणी हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा आहे. टोरांटो येथील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ३८ कनिष्ठ निवासी डॉक्टरांना सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याचे शिक्षण दिले. एका गटाला चारही सत्रे एकाच दिवशी, तर दुसऱ्या गटाला आठवड्याला एक याप्रमाणे चार आठवड्यांत देण्यात आली. महिन्यानंतर घेतलेल्या चाचणीत सत्रे विभागून मिळालेल्या गटाची कामगिरी सरस ठरली. एकूण तास समान होते. फरक केवळ मधल्या विश्रांतीचा होता. आपल्याकडे कार्यशाळा बहुधा एका रविवारी उरकल्या जातात, उद्घाटन व सत्कार यांत सकाळ जाते आणि सायंकाळी प्रमाणपत्रे वाटली जातात. उपरोक्त निष्कर्ष पाहता आठ तासांची एक कार्यशाळा घेण्यापेक्षा दोन-दोन तासांची चार साप्ताहिक सत्रे घेणे अधिक फलदायी ठरेल. मंचरसारख्या ठिकाणी, जेथे आंतरवासी व कनिष्ठ वैद्यकीय अधिकारी आठवड्यातून एकदा एकत्र येऊ शकतात, तेथे अशी योजना अव्यवहार्य नाही.

साधनांचा प्रश्नही वाटतो तितका अवघड नाही. केळीची साल टाक्याच्या खोलीचा अंदाज देते व जोर जास्त झाल्यास फाटून चूक दाखविते. गादीच्या फोमवर ताणून बसविलेले रेक्झिन त्वचेचे काम करते. खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या पायावर त्वचा व कंडरा दोन्ही जोडण्याचा सराव होतो. आतड्यावर आतडे जोडण्याचा. खुंटीला बांधलेल्या दोऱ्यावर गाठींचा सराव घरीही करता येतो. मुदत संपलेले टाक्यांचे दोरे सरावासाठी चालतात, मात्र ते रुग्णसेवेच्या साठ्यापासून काटेकोरपणे वेगळे ठेवावे लागतात. नीडल होल्डर, दातेरी फोर्सेप्स, कात्री व दोन आर्टरी फोर्सेप्स एवढ्या संचावर बहुतेक काम भागते.

स्वस्त म्हणजे हीन ही समजूत सोडून देण्यास महाराष्ट्रातीलच एक उदाहरण पुरेसे आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले आणि अन्य शल्यचिकित्सकांसमवेत त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे युगांडात ३०२ रुग्णांवर केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत स्वस्त जाळी व व्यापारी जाळी यांच्या परिणामांत लक्षणीय अंतर आढळले नाही. ग्रामीण शस्त्रक्रियेस स्वतंत्र प्रतिष्ठा मिळावी यासाठी डॉ. नोशीर अंटिया (१९२२-२००७) यांनी आयुष्यभर आग्रह धरला. साधनांचे दुर्भिक्ष विचाराच्या दुर्भिक्षाचे कारण होऊ नये, हा धडा या परंपरेतून मिळतो.

मूल्यमापन

'किती टाके घातले' ही नोंदवहीतील संख्या कौशल्याचे माप होऊ शकत नाही. शंभर वेळा चुकीची केलेली क्रिया चुकीचीच सवय पक्की करते. टोरांटो विद्यापीठात रिचर्ड रेझनिक व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेली वस्तुनिष्ठ, संरचित मूल्यमापन-पद्धती येथे मार्गदर्शक ठरते. तीत दोन साधने असतात. एक म्हणजे त्या क्रियेच्या टप्प्यांची तपासणीसूची. दुसरे म्हणजे सात निकषांवर १ ते ५ अशी श्रेणी. ऊतकांबद्दलची काळजी, वेळ व हालचालींची काटकसर, उपकरणे हाताळण्याची रीत, उपकरणांची माहिती, सहायकाचा योग्य उपयोग, क्रियेचा ओघ व पुढील टप्प्याचे भान, आणि त्या विशिष्ट क्रियेचे ज्ञान असे ते निकष आहेत. 'हात चांगला आहे' या मोघम शेऱ्यास यामुळे घटकशः अर्थ येतो आणि विद्यार्थ्याला नेमके काय सुधारावयाचे ते कळते.

या मूल्यमापनाचा हेतू उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरविणे हा नसून 'देखरेखीखाली करू शकतो' आणि 'स्वतंत्रपणे करू शकतो' यांतील सीमा आखणे हा असावा. ती सीमा लेखी असली तर कनिष्ठ डॉक्टरास 'मला हे अजून येत नाही' असे म्हणणे सोपे जाते. आपल्या संस्थांत हे वाक्य उच्चारणे अवघड असते, हे कोणत्याही अनुभवी अध्यापकास सांगावयास नको.

मर्यादा

प्रतिकृतीवरील सरावाचे गुण मानतानाच त्याच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. केळीच्या सालीतून रक्त येत नाही, ती हालत नाही, आणि तिचा भाऊ दारात उभा राहून जाब विचारीत नाही. प्रत्यक्ष रुग्णासमोरील ताण, घाई व जबाबदारी यांची जागा कोणतीही प्रतिकृती घेऊ शकत नाही. त्यामुळे हा सराव वरिष्ठाच्या देखरेखीखालील प्रत्यक्ष कामाची पूर्वतयारी आहे, त्याला पर्याय नव्हे. दुसरी मर्यादा अशी की कौशल्य वापराविना झिजते. एकदा मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर पुरत नाही. तिसरी, आणि कदाचित सर्वांत कठीण, अडचण शिक्षकांची आहे. उत्तम शल्यचिकित्सकाच्या हाताला ज्या गोष्टी अंगवळणी पडलेल्या असतात, त्या त्याला सुट्या करून सांगता येतातच असे नाही. त्याला शिकविण्याचेही शिक्षण द्यावे लागते.

यापलीकडे एक व्यापक प्रश्न आहे. लॅन्सेट आयोगाने २०१५ मध्ये जगातील सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया-सेवा उपलब्ध नसल्याचे नमूद केले. कुशल हात हा त्या सेवेचा एक घटक आहे. बधिरीकरण तज्ज्ञ, रक्त, वीज, निर्जंतुकीकरण व रस्ते हेही तितकेच आवश्यक आहेत. प्रशिक्षित डॉक्टरास रिकाम्या खोलीत बसविल्याने प्रश्न सुटत नाही. तथापि उलट बाजूही खरी आहे : सुसज्ज खोलीत अप्रशिक्षित हात असेल तर ती खोली रुग्णास फसविते.

समारोप

मूलभूत शस्त्रक्रिया-कौशल्यांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण ही मोठ्या शहरांतील अतिविशेषीकृत रुग्णालयांची चैन नसून पारगावसारख्या परिसराची निकड आहे. कारण शहरात एका हाताची चूक सावरण्यास दुसरे दहा हात असतात. गावात पहिला हात बहुधा एकटाच असतो. हे प्रशिक्षण अल्पखर्चिक साधनांवर, विभागलेल्या सत्रांत, स्पष्ट निकषांच्या आधारे आणि विवेकाच्या शिक्षणासह देता येते. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. लागतो तो ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि शिकविण्यास तयार असलेला एक अनुभवी माणूस.

अन्य विद्याशाखांतील अध्यापकांनाही या विषयातून विचारार्थ काही घेता येईल. प्रयोगशाळा, क्षेत्रकार्य, कार्यशाळा, वाद्यवर्ग अशा कोणत्याही ठिकाणी आपण विद्यार्थ्याला टप्पे बोलून दाखविण्यास सांगतो का, सराव विभागून देतो का, आणि त्याच्या चुका त्याला वेळेत कळतात का, हे तीन प्रश्न सर्वत्र लागू पडतात. पुण्याच्या त्या कुंभार वैद्याने आधी मेणाचे नाक घडविले, कारण कपाळाची त्वचा एकदाच कापता येते. विद्यार्थ्याच्या हाती मेण देणे आणि ते बिघडविण्याची मुभा देणे हे शिक्षकाचे काम आहे. ते आपण टाळले, तर बिघाड टळत नाही. तो फक्त कोण्या ऊसतोड कामगाराच्या बोटावर जाऊन पडतो.